कापसातला खळगा

१

मोठे सर मेले ते शहर बघायला म्हणून चढलेल्या मनोऱ्याच्या माथ्यावर, आणि शहर त्या दुपारी दिसतच नव्हतं. धुकं इतकं दाट, की कठड्यापलीकडे कुणी दूध ओतून ठेवलंय असं वाटावं. खाली कुठंतरी नदी होती, पूल होता, आणि परिषदेची बस हॉर्न वाजवून परतायची आठवण देत होती. कशाचा पत्ता नव्हता. नुसते आवाज.

"जीभ बधिर झालीय," सर म्हणाले. "ओठसुद्धा. चहा फार गरम होता का गं पोरी?"

सरांचं शेवटचं धड वाक्य ते. मग ते कठडा धरून खाली बसले, आणि बसल्या जागीच कलंडले.

सगळ्यांच्या आधी धावले ते सरांचे मदतनीस, बॅगसर. त्यांनी गुडघे टेकले, सरांची वळलेली मूठ आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरली, कपाळाला लावली आणि "सर, सर" करत राहिले. आत्याच्या मनात आलं, पोटच्या पोरानं इतकं केलं नसतं.

बाकीच्यांच्या नजरा तोवर दुसरीकडे वळल्या होत्या. आत्याच्या भाचीकडे, आणि तिच्या हातातल्या थर्मासकडे.

ही परिषद होती दगड झालेल्या हाडांची. लाखो वर्षांपूर्वी मेलेल्या जनावरांवर जिवंत माणसं तीन दिवस भांडतात, असा आत्यानं तिचा हिशोब मांडला होता. मोठे सर त्या जगातलं बडं प्रस्थ. भाची त्यांची विद्यार्थिनी. पहिलाच निबंध वाचायला आलेली. आणि आत्या आली होती 'परक्या शहरात पोर एकटी कशी जाणार' या सबबीखाली. खरं कारण एवढंच, की मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका म्हणून उभा जन्म तिनं दुसऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा पाहण्यात घालवला होता. एकदा आपणही कुठंतरी जाऊन यावं, असं तिला वाटलं होतं.

संध्याकाळी डॉक्टरांचा निरोप आला. हृदय बंद पडलं होतं खरं, पण आपणहून नाही. पोटात बचनागाचं विष गेलं होतं.

२

इन्स्पेक्टरनं हॉटेलची नाश्त्याची खोली ताब्यात घेतली होती. माणूस उंच, थकलेला; समोरच्याशी बोलताना स्वतःच्या बुटांकडे बघायचा, जणू उत्तर तिथून येणार होतं.

"काल रात्रीच्या जेवणात तुमची भाची सरांशी भांडली. सगळ्या हॉलनं ऐकलं."

"भांडली," आत्या म्हणाली. "जबडा तिला सापडला. निबंधावर नाव लागलं बॅगसरांचं. तुमचा पगार शेजाऱ्याच्या खात्यात जमा झाला तर तुम्ही काय आरती ओवाळाल?"

"जबडा?"

"कुठल्याशा जनावराचा. ती 'माझा जबडा' म्हणते. लोकांना वाटतं, दातांच्या डॉक्टरकडे निघालीय."

इन्स्पेक्टर हसला नाही. "आज मनोऱ्याच्या पायथ्याशी तिनं सरांना थर्मासच्या झाकणातून चहा दिला. नंतर ते झाकण नळाखाली धुतलं."

"त्याच थर्मासमधला चहा मी प्यायले. जिवंत आहे, बघा."

"तुम्ही आधी प्यायलात. आणि तुम्ही आत्या आहात." घरची साक्ष, म्हणजे शून्य किमतीची. "उद्या परिषद संपते. बाकीचे आपापल्या गावी जातील. तुमच्या भाचीला मी जाऊ देणार नाही. प्रयोगशाळेचा अहवाल आला, की अटक करावीच लागेल मला."

टेबलावर एका कागदावर सरांच्या खिशांतल्या वस्तू मांडल्या होत्या. चष्मा. रुमाल. आणि पत्र्याची एक गोल डबी, पेपरमिंटच्या गोळ्यांची असते तशी, आत कापूस भरलेली.

"हे काय?"

"कापूस. कानात घालायला असेल. वर वारा असतो."

आत्या वाकली. कापसाच्या मधोमध खळगा होता. एका बाजूनं रुंद, दुसऱ्या बाजूनं निमुळता. इतका वेळ होऊन गेला तरी तो बुजला नव्हता. काहीतरी जड त्यात पुष्कळ दिवस झोपलं होतं.

आणि ते जे काही होतं, ते आता कागदावर नव्हतं.

३

खोलीत भाची पलंगाच्या कडेवर बसली होती. पायांतले बूटसुद्धा काढले नव्हते.

"ठमे," आत्या म्हणाली. लहानपणापासून तेच नाव. "एकदाच विचारते."

"तुलाही वाटतं मी केलं?"

"नाही गं. माझा विश्वास आहे तुझ्यावर."

बोलून झाल्यावर आत्याला स्वतःचीच भीती वाटली. कारण वसतिगृहात नेमकं हेच वाक्य उच्चारून तिनं कितीतरी मुलींच्या गाद्या उलट्यापालट्या केल्या होत्या. आणि त्यातल्या बऱ्याच गाद्यांखाली काही ना काही निघालं होतं.

मॅडम, म्हणजे सरांच्या पत्नी, शेजारच्याच खोलीत होत्या. दिवा न लावता खिडकीशी बसलेल्या. समोरच्या गल्लीत दुकानांची शटरं एकेक करून खाली येत होती आणि प्रत्येक आवाजाला त्यांचा खांदा हलत होता.

"तुमची पोर खरं बोलत होती," त्या आत्याकडे न बघताच म्हणाल्या. "ह्यांनी काल रात्रीच सांगितलं मला. जबडा तिचाच. त्या माणसानं दोन वर्षं ह्यांना फसवलं, मीच शोधला म्हणून. उद्या समारोपात सगळ्यांसमोर सांगणार होते."

"हे इन्स्पेक्टरला सांगितलंत?"

"त्यानं विचारलं, चहा कुणी दिला. मी सांगितलं, कुणी दिला." त्यांनी खिडकीचा पडदा ओढला. "मनोरा चढताना मोठे खुशीत होते. म्हणाले, खिशात एक गंमत आहे, वर गेल्यावर दाखवतो. आणि वर जाऊन हे दाखवलं."

आत्या जायला उठली तशी तिला त्या खोलीतल्या टेबलावर दगडांची रांग दिसली. "सरांचे?"

"माझे," मॅडम म्हणाल्या. "लग्नाआधी मीही हेच करायचे. ह्यांच्यापेक्षा बरं करायचे."

हे त्यांनी ज्या आवाजात म्हटलं, तो आवाज आत्यानं दाराबाहेर जाईपर्यंत पाठीवर वागवला.

खाली लॉबीत संग्रहालयाचे संचालक गाठले. परिषदेचे यजमान तेच. गोल, घामेजलेला माणूस, दर वाक्यागणिक रुमाल काढणारा. त्यांच्या संग्रहालयातली प्रसिद्ध कवटी निम्मी प्लास्टरची आहे, अशी कुजबूज आत्यानं जेवणाच्या रांगेत ऐकली होती.

"सर त्याबद्दल बोलणार होते का हो?"

"बोलणार होते की!" संचालकांनी रुमाल काढला. "बोलू दे, म्हटलं. कवटीसमोर पाटीच लावलीय मी, निम्मी प्लास्टर म्हणून. लोक पाटी वाचत नाहीत, हा माझा गुन्हा? बाई, माझ्या शहरात येऊन माणूस मेला. पुढच्या वेळी परिषदेला कोण येणार आता? काळं कुत्रं येणार नाही."

बॅगसर लिफ्टजवळच्या खुर्चीत होते. सरांची बॅग वर्षानुवर्षं तेच वाहायचे, म्हणून विद्यार्थ्यांनी हे नाव ठेवलेलं. बॅग आताही मांडीवर होती आणि दोन्ही हात तिच्यावर.

"तुमची मनःस्थिती समजते मला," ते हळुवारपणे म्हणाले. "पोरीचं वय लहान. रागाच्या भरात होतं माणसाकडून. मी शक्य तेवढं तिच्या बाजूनंच बोललो."

"काय बोललात?"

"एवढंच, की तिला मुद्दाम करायचं नसेल."

मदत करणाऱ्या मुली आत्यानं पुष्कळ पाहिल्या होत्या. 'बाई, तिला ओरडू नका हं, तिनं फक्त भिंतीवरून उडीच मारली.'

४

सकाळी धुकं रस्त्यावर उतरलं होतं. हॉटेलनं दिलेला घडीचा नकाशा हातात धरून आत्या एकटीच निघाली. परवापर्यंत हेच शहर तिला गोड वाटलं होतं: दगडी फरशा, वळणावळणाच्या गल्ल्या, खिडक्यांतल्या कुंड्या. आज त्या खिडक्या पडदा किलकिला करून तिलाच बघत होत्या. दोनदा ती चुकली आणि दोन्ही वेळा वळण घेतल्यावर समोर तोच मनोरा उभा राहिला. डोकं धुक्यात, पाय जमिनीवर.

जुन्या बाजारातलं भंगारवाल्याचं टेबल तिला हवं होतं. काल मनोऱ्याआधी सगळे इथंच थांबले होते. कुलपं, फुटक्या कपबश्या, आणि कडेला तपकिरी तुकड्यांचा ढीग. संचालकांनी त्यातला एक उचलला, बाहीला पुसला आणि सरळ जिभेला लावला. "हाड वाटतंय बुवा!" बॅगसरांनी तो त्यांच्या हातातून ओढून तसाच आपल्या जिभेला लावला. "छे! दगड. नुसता दगड." सगळे हसले. एकटी आत्या तोंड फिरवून उभी होती.

तिला ते नवीन नव्हतं म्हणा. ठमी फ्रॉकातली असल्यापासून अंगणातले खडे चाटायची. मोठी झाली तसं तिनं शास्त्र सांगितलं: जुन्या हाडात बारीक भोकं असतात, ती ओल शोषून घेतात, म्हणून हाड जिभेला चिकटतं. दगड चिकटत नाही. मोठमोठे शास्त्रज्ञ असंच करतात, आत्या. आत्याचं उत्तर ठरलेलं: मोठमोठ्यांना घरी विचारणारं कुणी नसतं. घरातल्या प्रत्येक फडताळात ठमीच्या डब्या असायच्या. आत कापूस, आणि कापसात असलं काहीतरी. रिकामा कापूस कधी नसायचा.

भंगारवाल्याच्या ढिगावर आत्याचा हात तसाच थांबला.

चहा नव्हेच. चहा नुसता हातात दिसला होता.

मनोऱ्याच्या तिकिटाच्या खिडकीशी सगळे घोळक्यानं उभे होते तेव्हा सर आणि बॅगसर बाजूला झाले होते. सरांची पाठ इकडे, मान खाली, हात तोंडाजवळ. आत्याला वाटलं होतं, खोकतायत.

तिनं ढिगातला एक तुकडा उचलला, इकडेतिकडे बघितलं आणि जन्मात पहिल्यांदा दगड जिभेला लावला. म्हणजे, तिला वाटलं होतं दगड. तो चिकटला. सोडवताना जिभेला हलकी ओढ बसली, आणि त्या ओढीनं तिच्या पाठीतून थंडी गेली.

तुकडा घेऊन, वाटेत पेपरमिंटची डबी आणि कापूस विकत घेऊन, ती थेट इन्स्पेक्टरकडे गेली. "तुमच्या डबीतला कापूस प्रयोगशाळेत पाठवा," ती म्हणाली. "आणि मला संग्रहालयात चार माणसं गोळा करून द्या. तुम्ही बोलायचं नाही. बूट बघत उभे राहा."

"चार कोण?"

"तिघं संशयित," आत्या म्हणाली. मग घसा साफ केला. "आणि ठमी."

५

संग्रहालयाच्या दालनात छताला एक सांगाडा टांगला होता, बसएवढा. त्याच्या बरगड्यांची सावली चौघांच्या अंगावर गजांसारखी पडली होती. इन्स्पेक्टर खांबाला टेकून उभा होता.

आत्यानं पर्समधून डबी काढली. "ही सरांच्या खिशातली. साहेबांनी मॅडमना द्यायला दिली माझ्याकडे. रिकामीच होती, म्हणून माझा बाजारातला तुकडा ठेवला रात्रभर आत. फसवलं की काय भंगारवाल्यानं मला? जाता जाता सांगा बघू, हाड की दगड?"

संचालकांनी तुकडा घेतला, बाहीला पुसला, जिभेला लावला. "हाड! शंभर टक्के. केवढ्याला मिळालं?"

मॅडमनी तो हातात घेतला, बराच वेळ नुसता धरला आणि मग डोळे मिटून जिभेला टेकवला. टेकवताना त्यांचा चेहरा एकदम तरुण दिसला. "हाडच," त्या पुटपुटल्या.

मग तुकडा भाचीच्या हातात गेला.

आत्यानं तिच्या ओठांवर नजर ठेवली. हा सगळा खेळ तिनं खुन्यासाठी मांडला होता, पण खरं सांगायचं तर या एका क्षणासाठीही. चहात काही नव्हतं हे तिला पटलं होतं. पण डबी सरांना कुणी दिली, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. तिकिटाच्या खिडकीशी ठमी कुठं होती, हे तिला आठवत नव्हतं. सकाळपासून आठवून पाहिलं होतं.

भाचीचे डोळे रडून सुजले होते. लक्ष कुठंच नव्हतं. तिनं तुकडा घेतला आणि न बघता, सवयीनं, लहानपणी अंगणात लावायची तसा जिभेला लावला.

"हाड आहे गं आत्या," ती थकून म्हणाली. "कशाला असले उद्योग करतेस?"

आत्यानं काचेच्या पेटीचा आधार घेतला.

बॅगसरांनी तुकडा दोन बोटांच्या चिमटीत धरला. खिशातून भिंग काढलं. उजेडाकडे वळून बघितलं. "हो. हाडच. भोकं दिसतायत."

"चाटलं नाहीत?"

"तिघांचं उष्टं?" ते हसले. "कसं हो आत्या तुम्ही..."

"परवाचं नाही, कालचंच सांगते. याच बाजारात संचालकांच्या जिभेवरचा तुकडा ओढून घेऊन चाटलात तुम्ही. काल उष्टं चाललं, आज नाही चालत?"

बॅगसरांची चिमटी सैल झाली नाही, आवळलीही नाही. बोटं होती तिथंच गोठली.

"विष चहात होतं असंच सगळे धरून चाललेत," आत्या म्हणाली. "म्हणून या तिघांना या डबीची भीती वाटली नाही. भीती वाटेल ती एकाच माणसाला, ज्याला ठाऊक आहे की विष या कापसात मुरलंय. सवय मोडायला माणसाला कारण लागतं, बॅगसर. तुमचं कारण काय?"

"हा काही पुरावा नाही."

"नाही. पुरावा प्रयोगशाळेत गेलाय, खरा कापूस. ही डबी आज सकाळी घेतलीय मी. हा तुकडा तुमच्या आधी मी चाटलाय." तिचा आवाज प्रथमच चढला. "पण तुम्हाला ते माहीत नव्हतं. तुमच्या डोळ्यांसमोर तीन माणसांनी हा तुकडा जिभेला लावला. ते मरणार असं तुम्ही धरून चालला होतात. तुम्ही एकालाही थांबवलं नाहीत. ही पोर, जिच्या बाजूनं तुम्ही बोललात, तिलासुद्धा नाही."

संचालकांचा रुमाल तोंडाशी गेला आणि तिथंच राहिला. ते आपली जीभ तपासत होते.

"सरांना तुम्ही काल काहीतरी असं दिलंत, की ते बघितल्याशिवाय राहणार नाहीत," आत्या म्हणाली. "बघणं म्हणजे तुम्हा लोकांत जिभेला लावणं. वर ते पडले तेव्हा त्यांची मूठ तुम्ही धरलीत. मला वाटलं, केवढी माया! मूठ उघडत होतात तुम्ही. साहेब, बॅग बघा."

"कशाला?" इन्स्पेक्टरनं पहिल्यांदा बूट सोडून वर बघितलं. "ती वस्तू त्यानं मनोऱ्यावरून कधीच भिरकावली असेल. खाली नदी आहे."

"तुम्ही भिरकावली असती. मीही. हे लोक नाही भिरकावणार."

बॅगसरांनी बॅग छातीशी धरली. इन्स्पेक्टरला ती सोडवावी लागली. तळाशी, सरांच्या मफलरमध्ये, काचेच्या नळीत बुचाखाली एक तुकडा होता. करडा, एका बाजूनं रुंद, दुसऱ्या बाजूनं निमुळता, आणि त्यात रुतलेला एकुलता एक दात.

भाची पुढं झाली. "माझा जबडा," ती म्हणाली, आणि या वेळी कुणाला हसू आलं नाही. "हा कोपरा तुटलेला होता. मी आठवडाभर माती चाळली होती. मिळाला नाही म्हणून रडले होते. तुम्हीच समजूत घातली होती माझी."

"त्यांना म्हटलं, जबडा मी काढला नसता तर हा तुकडा माझ्याकडे कसा आला असता," बॅगसर म्हणाले. आता ते कुणाशीच बोलत नव्हते. नळीशी बोलत होते. "पटलं असतं, तरी उद्या परत त्यांनी तिलाच विचारलं असतं. मग म्हटलं, बघा, नीट बघा सर. त्यांनी बघितलं." त्यांचा हात नळीकडे गेला. इन्स्पेक्टरनं तो अडवला. "कठड्यापाशी दोनदा हात उचलला मी. फेकवला नाही. असा दुसरा नाही हो जगात."

६

समारोप झालाच नाही. प्रयोगशाळेनं संध्याकाळी कापसातलं विष सांगितलं, आणि इन्स्पेक्टर स्वतः हॉटेलवर येऊन, बुटांकडे बघत, भाचीला म्हणाला की तिनं आता जायला हरकत नाही.

सकाळच्या गाडीला अवकाश होता. दोघी नदीकाठानं चालत निघाल्या. धुकं विरलं नव्हतं. मनोरा पलीकडं असेल नसेल. भाची सवयीनं वाकली, काठावरचा एक तपकिरी खडा उचलला, बाहीला पुसला, ओठांपर्यंत नेला.

तिथं हात थांबला.

आत्यानं कधीची वाट पाहिली होती ही सवय सुटायची. नवस करायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. आज ती सुटताना तिला बघवलं नाही. त्या माणसानं सरांचा जीव घेतला होता. पोरीचंही काहीतरी घेऊन गेला होता.

"आण इकडे," आत्या म्हणाली.

खडा तिनं भाचीच्या हातातून काढून घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि जिभेला लावला. घटकाभर धरला. मग पदराला पुसला आणि परत तिच्या तळहातावर ठेवला.

"नाही चिकटत. दगड आहे," ती म्हणाली. "घे. आता तू बघ."